घरगुती आवाज

“मध्ये जरा घरातला आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या,” मी म्हणालो आणि टेपचं बटण दाबलं.

हुबळीच्या एका गायनवर्गातल्या बायका सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांचे म्हातारे गुरुजी मागे खुर्चीवर, काठी मांडीवर आडवी धरून. समोर टेबलावर श्रीधरबुवा निगवेकरांचं ते जुनं जर्मन यंत्र, आणि भिंतीवर खुद्द बुवा, फेटा बांधलेले, कुणावर तरी रागावल्यासारखे. चकत्या फिरू लागल्या. आधी नुसती खरखर, मग तंबोरे, आणि मग मुलतानी.

बुवांचं एवढं एकच ध्वनिमुद्रण उरलं आहे. रेडिओवर ते गेले नाहीत, कंपन्यांना त्यांनी दारात उभं केलं नाही. एका शिष्यानं हे यंत्र भेट दिलं, तेव्हा याच खोलीत एका दुपारी त्यांनी ते एकदा चालू केलं, आणि पुन्हा कधी नाही. बाहेरगावाहून माणसं आमच्या स्मृतिगृहात यायची ती या टेपसाठी. बाकी तंबोरे, शाली, मानपत्रं काय, कुठंही असतात.

आलाप रंगात आला. सतरंजीवरच्या माना हलू लागल्या. आणि नेहमीच्या जागी, लांबून, कसल्याशा झाकणाच्या आवाजापाठोपाठ एका बाईचा आवाज आला.

“पमे, कढीत मीठ घातलंस का गं? का मी घालू?”

बायका हसल्या. सगळेच हसत. बुवा क्षणभर थांबतात, घशातून एक “हूं!” काढतात आणि पुढची तान अशी काही घेतात की स्वयंपाकघराच्या दिशेनं फेकून मारल्यासारखी वाटते.

“बाई सुरात बोलल्या की हो!” गुरुजी ओरडले. “ते ‘घालू’ ऐकलंत? बरोब्बर षड्जावर येऊन बसल्या!”

पुन्हा हशा. ती तान चालू असतानाच मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “असं सांगतात की रागावून बुवा त्या दिवशी जेवले नाहीत.”

“जेवले,” दारातून आवाज आला. “दोन वाट्या कढी प्यायले वर.”

दाराच्या चौकटीला टेकून प्रमिलाताई उभ्या होत्या. बुवांची मुलगी. तेव्हा साठी ओलांडलेली. लग्न केलेलं नव्हतं, शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. घर ट्रस्टला देऊन त्या मागच्या दोन खोल्यांत राहत होत्या.

“मग पमी कोण?” एका मुलीनं विचारलं.

मी दाराकडे हात केला, पण तोवर त्या गेल्या होत्या.

हे असंच चाले. टेप लावली की ताई दारात येऊन उभ्या राहत, बुवांची तान संपायच्या आत निघून जात. माहिती सांगणारा म्हणून मी तिथं लागलो, तेव्हा मला वाटलं, माझ्या चुका काढायला येतात. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. जन्म पुस्तकांच्या मागे उभं राहून काढलेला माणूस. चार लोकांपुढे बोलायचं म्हटलं की माझे तळवे ओले होतात. निवृत्तीनंतर हे काम का घेतलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. कदाचित पाठ केलेलं बोलायचं असतं, म्हणून. सगळी माहिती मी घरी भिंतीपुढे उभा राहून घोकली होती. पुढे माझी समजूत झाली की ताई वडिलांचा आवाज ऐकायला येतात. लेकीची माया. मला ते फार हृद्य वाटे, आणि फेरीत कधी कधी मी तसं सांगतही असे.

ट्रस्टचे कार्यवाह चौगुले यांना मी नावं ठेवणार नाही. वयानं लहान, सतत कामात, आणि त्या घरासाठी त्यांनी जितकी धावपळ केली तितकी बुवांच्या एकाही शिष्यानं केली नाही. बुवांचं जन्मशताब्दी वर्ष आलं तसं त्यांनी ध्वनिदालनाची कल्पना काढली. भिंतीत कर्णे, अंधार, गाद्या, आणि बुवांचा आवाज चारी बाजूंनी.

“सर, ही टेप मरायला लागलीय,” ते मला म्हणाले. यंत्राखाली बोट फिरवून त्यांनी मला दाखवलं. बोटाला तपकिरी भुकटी लागली होती. “तुम्ही रोज ही लावताय म्हणजे रोज थोडी पुसताय. उतरवून घेतलीच पाहिजे. कोल्हापूरला इरफान नदाफ म्हणून पोरगा आहे, एक नंबर काम करतो. पण ताई टेप घराबाहेर न्यायला तयार नाहीत. तुमचं ऐकतात त्या. तुम्ही बघा की बोलून.”

ताई माझं ऐकतात, हे मला नवीनच होतं. तरी गेलो. त्या मागच्या पडवीत भोपळा चिरत होत्या.

“घर देताना मी एकच अट घातली होती,” त्या म्हणाल्या. “टेप या घरातच वाजली पाहिजे. बाकी काय न्यायचं ते न्या म्हटलं.”

“इथंच वाजणार आहे, ताई. पण अशीच वाजत राहिली तर वर्षा-दोन वर्षांत काही उरणार नाही. भुकटी पडतेय.”

“पाहिलीय मी. मीच पुसते ती सकाळी.” त्यांनी भोपळ्याची आणखी एक फोड केली. “सगळं उतरवून घेतील?”

“सगळं.”

“नक्की ना, हसबनीस? तुम्ही शिकलेले आहात म्हणून विचारते.”

“पहिल्या खरखरीपासून शेवटच्या खरखरीपर्यंत,” मी म्हणालो. मला त्यावेळी असंच वाटत होतं.

त्यांनी टेप एका धुतलेल्या पंच्यात गुंडाळली आणि चौगुल्यांच्या गाडीत मागच्या आसनावर ठेवली. बाळाला ठेवतात तशी, सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावून. चौगुले हसले. “ताई, चार दिवसांत परत आणतो. आणि बुवा असे ऐकवतो, की तुम्ही म्हणाल समोर बसलेत.”

टेप खरंच चार-पाच दिवसांत परत आली. ती थेट काचेच्या पेटीत गेली, खाली पितळेची पट्टी आणि वर छोटा दिवा. त्या दिवसांत दालनाचं काम चालू होतं म्हणून फेऱ्या बंद होत्या. ताई अधूनमधून विचारायच्या, “झालं का हो?” मी म्हणायचो, “रविवारी.”

रविवारी सकाळी मिरजेतले, सांगलीतले, कोल्हापूरचे गाणारे-वाजवणारे जमले. मिरजेत गाणं कळणारी माणसं पैशाला पासरी. न कळणारी शोधावी लागतात. सगळे आत दाटीवाटीनं बसले. पुढच्या गादीवर मध्यभागी ताईंना बसवलं होतं. त्यांनी जरीकाठाची इरकली साडी नेसली होती. माझ्याकडे बघून त्या हसल्या. त्यांना अशा हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“टाळ्या नकोत,” चौगुले माइकवर म्हणाले. “फक्त ऐका.”

दिवे मंदावले. खरखर नव्हतीच. तंबोऱ्यांचे स्वर थेट अंगावर आले, आणि त्यांतून बुवा उभे राहिले. काय सांगू! मी शेकडो वेळा ऐकलेलं गाणं, पण ते जणू आजवर पडद्याआडून ऐकत होतो. त्यांचा श्वास ऐकू येत होता. एका खर्जाच्या स्वराला माझ्या शेजारचे वयस्क तबलजी रडू लागले, उघडपणे, डोळे न पुसता. माझेही भरून आले.

आलाप रंगात आला. ती जागा जवळ आली तसा मी सवयीनं हसायच्या तयारीत राहिलो. ती जागा आली आणि गेली. आवर्तन गोल फिरून समेवर आलं, एकही मात्रा इकडेतिकडे नाही. बुवा थांबले नाहीत, “हूं” म्हणाले नाहीत. पुढची तान आली, नितळ, कुणावरही न रागावलेली.

माझ्या मनात आलेला पहिला विचार खरा सांगायचा तर असा होता: बरं झालं, आता माफी मागावी लागणार नाही.

गाणं संपलं. दिवे लागले. टाळ्या नकोत म्हटलं होतं तरी कडकडाट झाला. ताई बसून होत्या. मग त्या चौगुल्यांकडे वळल्या.

“संपलं?”

“संपलं, ताई.”

“पुन्हा लावा.”

चौगुले गहिवरले. माइकवर म्हणाले, “ताईंची इच्छा आहे, पुन्हा ऐकू या.” पुन्हा दिवे मंदावले. या वेळी मी गाणं ऐकत नव्हतो. ताईंच्या पाठीकडे बघत होतो. ती जागा जवळ येताना त्या थोड्या पुढे झुकल्या, आणि जागा निघून गेल्यावर तशाच झुकलेल्या राहिल्या. मग गाणं चालू असतानाच उठून उभ्या राहिल्या.

कुणीतरी दिवे लावले. चौगुल्यांना वाटलं त्यांना दोन शब्द बोलायचे आहेत. त्यांनी माइक पुढे केला.

“आई कुठे आहे?” ताई म्हणाल्या.

चारी बाजूंच्या कर्ण्यांतून ते आलं.

“ताई,” चौगुले हळूच म्हणाले, “आई... आई जाऊन किती वर्षं झाली, ताई.”

“ते मला माहीत आहे. यात कुठे आहे?”

पुढच्या रांगेतल्या एक बाई उठल्या, ताईंच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “होतं असं. वडिलांचा आवाज ऐकला की सगळं वर येतं. चला, पाणी घ्या थोडं.” मागे कुणीतरी कुजबुजलं, “वय झालं हो.” ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मदतीसाठी नाही. मी ‘सगळं’ म्हणालो होतो, म्हणून पाहिलं असेल, किंवा तिथं ओळखीचा चेहरा तेवढाच होता.

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं ती बाई दारात कुणासाठी येत होती. आणि बुवांची तान संपायच्या आत का जात होती.

लोक गेल्यावर मी चौगुल्यांना सांगितलं. त्यांना आधी समजेचना. “अहो, पण तो व्यत्यय होता, सर! मीच इरफानला म्हटलं होतं, बुवा पाहिजेत, बाकी काही नको. तुम्हीच नाही का रोज लोकांची माफी मागत होता?” मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तिथूनच इरफानला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

इरफान नम्र मुलगा होता. “सर, त्या आवाजाखाली बुवांचा स्वर होता. नुसता काढला असता तर भोक पडलं असतं. म्हणून आधीचं आवर्तन घेऊन तिथं जोडलं. लय जुळवायला दोन दिवस गेले. कळलं का कुणाला?”

“नाही,” मी म्हणालो. “कुणालाच नाही. काम उत्तमच आहे. पण मूळ उतरवलेलं? न कापलेलं?”

“साहेबांनी पसंत केलं, मग मी ते काढून टाकलं, सर. आमच्याकडे लग्नाच्या चित्रीकरणाची कामं असतात. जागा लागते.”

“टेप आहे आमच्याकडे. पुन्हा उतरवता येईल?”

“सर, चौगुलेसाहेबांना मी सांगितलं होतं. उतरवताना तिचा थर निघत होता. माझ्या यंत्राखाली चिमूटभर नाही, मूठभर भुकटी होती. आता ती नुसती पट्टी आहे.” मग हळू आवाजात त्यानं विचारलं, “कोण होत्या सर त्या?”

मी सांगितलं. तो म्हणाला, “या अल्ला.”

दुसरी प्रत नव्हती. बुवांनी कुणाला काढू दिली नव्हती, आणि स्मृतिगृहात ध्वनिमुद्रणाला मनाई होती. फोन बंद करा, असं प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला मी स्वतः सांगत असे. लोक भले, ऐकत.

सोमवारी स्मृतिगृहाला सुट्टी असे. सकाळी ताईंनी मला बोलावलं. काचेच्या पेटीची किल्ली माझ्याकडे होती.

“काढा,” त्या म्हणाल्या.

“ताई, इरफान म्हणतो—”

“काढा हो. काचेत ठेवून तरी काय व्हायचंय तिचं?”

मी टेप यंत्रावर चढवली. पट्टी त्यांनीच ओवली. शिवणाची बोटं होती. चकत्या फिरू लागल्या. घासल्याचा आवाज आला, जमिनीवरून पोतं ओढल्यासारखा. मध्येच खोल कुठेतरी ठेका असल्याचा भास झाला, आणि गेला. आम्ही वाट बघितली. ती जागा कधी आली, कधी गेली, कळलंही नाही. पट्टी सुटून चकतीवर फटफट वाजू लागली तेव्हा ताईंनी बटण बंद केलं.

“तुम्हाला आठवतं?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“ती काय म्हणते ते.”

“हो. पाठ आहे.”

“म्हणा.”

“मी?”

“मला येत नाही हो,” त्या म्हणाल्या. “काल रात्रभर बघितलं. आत वाजतंय असं वाटतं, आणि तोंड उघडलं की शाळेतल्या शिवणबाईचाच आवाज येतो. तुम्ही रोज ऐकलंय. माझ्याइतकंच. तुमचं पाठांतर चांगलं आहे. म्हणा.”

मी घसा साफ केला. त्या रिकाम्या खोलीत, बुवांच्या फोटोपुढे, चारचौघांत बोलायला घाबरणारा मी पुरुषी, घोगऱ्या आवाजात म्हणालो, “पमे, कढीत मीठ घातलंस का गं? का मी घालू?”

“असं नाही. ‘पमे’ लांबवत नाही ती.”

“पमे, कढीत मीठ घातलंस का गं—”

“‘का गं’ वर रागवत नाही ती. तिला माहीत आहे मी विसरलेय. तिला हसू येतंय. मग?”

“का मी घालू?”

“तिथं आवाज खाली आणते, बुवा गात असतात ना. पुन्हा.”

मी पुन्हा म्हणालो. पुन्हा, आणि पुन्हा. बुवांची तालीम अशीच असायची असं शिष्य सांगतात. एका जागेवर सकाळ काढायचे. ताई डोळे मिटून बसल्या होत्या. प्रत्येक वेळी मला वाटे, आता जवळ आलो. एकदा तर त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. त्या वेळी मी कसं म्हणालो ते मला धरून ठेवता आलं नाही.

“टेप झाली त्या वर्षीच दिवाळीत गेली ती,” मध्येच त्या म्हणाल्या. “पमे म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. बुवा ‘अगं ए’ म्हणायचे.” मग, “हं, म्हणा.”

शेवटी त्या म्हणाल्या, “पुरे.” मला सरबत करून दिलं. मीठ-साखर अगदी बेताची होती. तसं मी म्हणालोही, आणि मग ते बोलायला नको होतं असं वाटत राहिलं.

दालन सुरू झालं. गर्दी होऊ लागली. वर्तमानपत्रांत आलं. मी माहिती सांगायचो, दिवे मंद करायचो, कुणाची माफी मागायचो नाही. दारात कुणी येत नसे. दोन-तीन आठवड्यांनी मी धीर करून मागच्या पडवीत गेलो.

ताई सुईत दोरा ओवत होत्या. मला बसा म्हणाल्या. दोरा ओवून झाल्यावर, वर न बघता म्हणाल्या, “हसबनीस, एक सांगते. रागावू नका.”

“नाही.”

“आईला आठवायला बसले की तिचं तोंड दिसतं. चूल दिसते, हातातली पळी दिसते. तोंड हलतं. आणि आवाज तुमचा येतो.”

मी त्यांच्या हातातल्या सुईकडे बघितलं.

“तुमचा दोष नाही. मीच म्हणायला लावलं. पण आधी निदान काहीच येत नव्हतं. आता हे येतं.”

मी त्या आठवड्यात काम सोडलं. चौगुल्यांना प्रकृतीचं कारण सांगितलं. माझा विचार असा होता की माझी बडबड रोज भिंतीपलीकडून त्यांच्या कानावर पडते. ती थांबली, तर कदाचित हळूहळू पुसली जाईल आणि खालून दुसरं काही वर येईल. पुस्तकी विचार. कुणाला सांगितला असता तर हसले असते. मी त्या गल्लीतून जाणंही बंद केलं.

पुढच्या उन्हाळ्यात मंडईत त्या समोर आल्या. हातात पिशवी, तीतून कढीपत्त्याची डहाळी बाहेर आलेली. एकदम वाळलेल्या दिसल्या. मी थांबलो, हात जोडले, आणि तोंड घट्ट मिटून नुसती मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि का बोलत नाही तेही आलं असावं.

“बोला की, हसबनीस,” त्या म्हणाल्या. “आता बोललात तरी चालतंय. कुणाचाच आवाज येत नाही.”

आणि मी काही बोलायच्या आधीच, पिशवी या हातातून त्या हातात घेऊन, त्या पुढे गेल्या.